मापापेक्षा थोडं जास्त

सासूबाई सासूबाई व्हायच्या आधी सुनेने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अनवाणी धावताना.

सून तेव्हा सून नव्हती. दवाखान्यात नव्यानेच लागलेली नर्स होती आणि तिच्या स्कूटरचं मागचं चाक बसलं होतं. विमानांच्या धावपट्टीजवळ पंक्चरचं एक दुकान होतं. दुकानातल्या तरुणाने ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे शोधायला लागला. ती बाकावर बसून कुंपणापलीकडे बघत होती. तिकडे मोकळ्या मैदानात एक शेड होती. तिच्या रुंद दारातून एक ठेंगणी, अंगाने भरलेली बाई बाहेर आली. डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेला पांढरा फुगा, तोही तिच्याहून मोठा. वारा उलटसुलट होता. फुगा डावीकडे ओढायचा, की बाई डावीकडे. फुगा मागे वळायचा, की बाई स्वतःभोवती गिरकी घ्यायची. त्या ओढाताणीत एक चप्पल गेली, दुसरी तिनेच झटकून टाकली. शेवटी ती तोंडाने काहीतरी पुटपुटत वाऱ्याच्याच दिशेने धावत सुटली आणि तिने हात सोडले. फुगा वर गेला. त्याच्यामागून दोरीला बांधलेली एक छोटी डबी टुणकन उडून गेली. बाई कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

नर्सला हसू आवरेना. "कोण हो ही बाई? या वयात फुगे उडवते!"

तरुणाने घमेल्यातून मान वर केली नाही. "ती आमची आई," तो म्हणाला.

तिने जीभ चावली.

"हसा, हसा," तो म्हणाला. "सगळेच हसतात. तीही हसते. आणि तुमची ट्यूब दोन जागी गेलीय, थोडा वेळ लागेल."

ट्यूब एकाच जागी गेली होती, हे त्याने लग्नानंतर कबूल केलं.

गल्लीत सासूबाईंना 'फुगेवाल्या काकू' म्हणत. त्यांचे यजमान हवामान कार्यालयात गाडी चालवायचे. ते अचानक गेले तेव्हा मुलगा शाळेत होता. कार्यालयाने सासूबाईंना झाडलोटीच्या कामावर घेतलं. फुगे सोडणारा म्हातारा गडी पाठीने अधू झाला होता. एकदा वादळी वाऱ्यात फुगा त्याला आवरेना, तेव्हा तो ओरडला, "अरे, धरा कुणीतरी!" अंगणात सासूबाईच होत्या. त्यांनी फुगा धरला तो धरलाच. "झाडू टाकला तो अजून तिथेच पडला असेल," असं त्या सांगायच्या.

काम दिसायला पोरखेळ, पण नेमकं होतं. पहाटे एक फुगा, संध्याकाळी एक. डबी वरून रेडिओने कळवत राहते: इथे इतकी थंडी, इतका ओलावा, असा वारा. वर हवा पातळ होत जाते तसा फुगा फुगत जातो आणि खूप उंचावर गेला की फुटतो. मग डबी आपल्या इवल्याशा छत्रीला लोंबकळत कुठल्या तरी शेतात उतरते. फुग्यात भरायचा तो हायड्रोजन. त्याला ठिणगी चालत नाही, म्हणून शेडमध्ये अंगावर सुती कपडे हवेत, धातूचं काही नको. आणि गॅस किती भरायचा याचं माप ठरलेलं. फुग्याच्या मानेला एक वजन लावायचं. फुग्याने ते वजन उचललं की चावी बंद.

घरी मात्र असलं कुठलंही माप नव्हतं. "पुरे" म्हटलं की ताटात आणखी एक डाव पडायचा. मुलगा म्हणायचा, "आईचे कान ठणठणीत आहेत, फक्त 'पुरे' तेवढं ऐकू येत नाही. हिच्या हाताखाली माणूस काय नि फुगा काय, फुगायचाच." पहिल्या वर्षातच सुनेचे कपडे दंडात घट्ट झाले. कार्यालयात नवीन अधिकारी बदलून आले. त्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये अजून एक मान बसली असती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'बारीक साहेब' ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यासाठी डबा न्यायला सुरुवात केली.

पुढे धावपट्टी वाढवायची ठरली आणि हवामान कार्यालय उठून गावाच्या दुसऱ्या टोकाला, लांबलचक डोंगराच्या पाठीमागे गेलं. नवी इमारत, नवी शेड, वारा अडवायला भिंतसुद्धा. सगळ्यांना वाटलं, काकूंचं धावणं वाचलं.

पण त्यानंतर सासूबाई हळूहळू गप्प होत गेल्या. घरी आल्या की पंजे मांडीवर उताणे ठेवून बसायच्या, जणू कुणी दिलेली उसनी वस्तू न्याहाळताहेत. मग एकदा जेवताना सून "पुरे" म्हणाली आणि सासूबाई खरंच थांबल्या. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. काहीतरी बिनसलं होतं.

भांडी विसळताना सुनेने विषय काढला. "आई, काय होतंय?"

"काय व्हायचंय? वय होतंय."

"ते सगळ्यांचंच होतं. तुम्हाला काय होतंय ते सांगा."

सासूबाईंनी हातातलं पातेलं उगाचच पुन्हा घासलं. "माझा हात गेला गं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. फुगा सोडला की त्या आत जाऊन संगणकाच्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या. फुगा कसा चढतोय त्याची रेघ तिथे उमटते. जुन्या जागी ती रेघ पट्टीने आखल्यासारखी असायची, कारण माप नीट असलं की फुगा एकाच चालीने चढतो. इथे आल्यापासून काही काही दिवशी ती नागमोडी व्हायला लागली. फुगा भराभर चढतो, मध्येच रेंगाळतो, पुन्हा चढतो, पुन्हा रेंगाळतो. "म्हणजे भरण्यातच खोट. बाकी काय असणार? फुगा तोच, डबी तीच." त्यात आता फुगे लवकर फुटायला लागले होते. मुख्य कार्यालयाला हवी असते त्या उंचीवर पोचतच नव्हते. तिथून बारीक साहेबांना फोनवर फोन. साहेबांनी सगळं रबरावर ढकलून पाहिलं, फुग्यांची एक पेटीच्या पेटी परत पाठवली. तरी फुटणं थांबेना, तेव्हा ते कसनुसं तोंड करून सासूबाईंना म्हणाले, पुढच्या महिन्यापासून भरण्याचं काम दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही आत बसा. छान खुर्ची आहे, वर पंखा आहे.

"वाऱ्यामागे धावण्यात माझा जन्म गेला," सासूबाई म्हणाल्या, "आणि हा मला पंखा दाखवतो!"

हसता हसता त्यांचा आवाज चिरकला. सून नर्स होती. तिने ओले हात पुसले आणि वर्तमानपत्राचं एक पान फाडलं. "हात पुढे करा. बोटं पसरा. डोळे मिटा." तिने तो कागद अलगद त्यांच्या पंजावर ठेवला. हाताला बारीकसा कंप असला तरी कागदाची कड थरथरते. कागद टेबलावर ठेवल्यासारखा निपचित पडून राहिला. मग दुसरा हात. तोही तसाच.

"हात शाबूत आहेत, आई."

"कागदाला काय कळतंय?" सासूबाई म्हणाल्या आणि दिवा मालवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना मुलाने दुकानातला किस्सा सांगायला घेतला. कोणी एक ट्रकवाला आला होता. माल जड आहे, हवा जास्त भर, म्हणून हटून बसला. "मी म्हटलं, दादा, टायरवर लिहिलंय तेवढीच भरतो. तर म्हणे, तुझ्या खिशातून जाते का हवा? दिली भरून. चढावर टायर तापला आणि फुटला. आता मलाच शिव्या देतोय. लोकांना वाटतं, जास्त हवा म्हणजे जास्त ताकद."

सासूबाईंचा डाव भाताच्या पातेल्यातच थांबला. क्षणभरच. पण सून नेमकी त्यांच्याकडेच बघत होती. दवाखान्यात पथ्य मोडलेला माणूस पथ्याचं नाव काढल्यावर असाच थांबतो, हे तिला चांगलं माहीत होतं.

नवरा हात धुवायला उठला तसं तिने विचारलं, "आई, खरं सांगा. तुम्ही मापावर थांबता ना?"

सासूबाई पातेल्यावर झाकण ठेवायला लागल्या.

"आई."

"एवढंसं जास्त भरते," त्या म्हणाल्या आणि चिमटीत मीठ धरावं तशी बोटं करून दाखवली. "दमतो गं तो. डोंगरावरून वारा आला की मध्यावर जाऊन दमतो. मला समोर दिसतंय. आणि तरी मी मापावर बोट ठेवून बसू? लेकरू दमलं तर दोन घास जास्तच घालते ना आई?"

"आणि जास्त भरल्यावर रेघ सरळ होते?"

"नाही होत."

"मग?"

"मग अजून थोडं भरते."

सुनेने कपाळाला हात लावला. गुण येत नाही म्हणून आपल्या मनाने औषध वाढवणारे नातेवाईक तिला रोज भेटायचे. घरातच एक निघेल असं वाटलं नव्हतं.

"हे साहेबांना सांगायला हवं."

"वेडी आहेस का?" सासूबाई कुजबुजल्या. "आता निदान खुर्ची तरी देतायत. मापात हात घातला कळलं तर दारच दाखवतील. आणि कुठल्या तोंडाने सांगू? रोज डबा देते मी त्या पोराला."

"याच तोंडाने. मी येते बरोबर."

"बघा! सासूला शाळेत सोडायला निघाली सून!" त्या म्हणाल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेच्या स्कूटरवर दोघी निघाल्या. डोंगराला वळसा घातला तशी वाऱ्याने स्कूटर हलायला लागली. डोंगराच्या पाठीवर एक ढग होता. मसुराच्या दाण्यासारखा, कडा हाताने घासून गुळगुळीत केल्यासारख्या.

"आला मेला मसूर!" मागून सासूबाई म्हणाल्या. "हा दिसला की माझा दिवस वाईट गेलाच म्हणून समज."

कार्यालयाच्या फाटकाशी उतरल्यावर सुनेने पुन्हा वर पाहिलं. वारा अंगावरचे कपडे ओढत होता, धूळ डोळ्यांत जात होती आणि तो ढग मात्र होता तिथेच होता. तिला ते चमत्कारिक वाटलं.

बारीक साहेब खोलीत एकटेच होते. सासूबाईंनी आधी त्यांच्या टेबलावर डबा ठेवला आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. चूक माझी, रबर बिचारं निर्दोष आहे, मीच जास्त भरत होते, आता काय ती शिक्षा करा.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "किती जास्त?"

सासूबाईंनी पुन्हा चिमूट दाखवली.

"पण का, मावशी?"

"दमत होता."

"कोण?"

"फुगा."

साहेबांनी दोन्ही हातांत डोकं धरलं. सुनेला वाटलं, झालं, आता भडकणार. पण त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते. "आणि मी त्या रबरवाल्यांना किती बोललो! बिचाऱ्यांनी माफीसुद्धा मागितली." मग ते एकदम थांबले. "दमत होता म्हणजे? दाखवा बघू मला."

त्यांनी मागच्या रेघा पडद्यावर एकापाठोपाठ एक उघडल्या. सासूबाई बोट ठेवून दाखवत गेल्या. इथे बघा, इथे. आजवर साहेब रेघेचं फक्त टोक बघत होते, फुगा कुठे फुटला तेवढंच. सासूबाई फक्त रेघेचं पोट बघत होत्या. अख्खी रेघ दोघांनी मिळून आत्ता पहिल्यांदा पाहिली. साहेब उठून खिडकीशी गेले. बाहेर मसूर होता तिथेच होता.

"मावशी, जरा बाहेर या," ते म्हणाले.

शेडच्या बाजूला नळ होता आणि त्याचं पाणी वाहून न्यायला सिमेंटची उथळ पन्हाळ. साहेबांनी नळ पूर्ण सोडला आणि पन्हाळीत एक वीट आडवी टाकली. पाणी विटेवर चढलं, पलीकडे उतरलं आणि विटेच्या पुढे ओळीने उंचवटे उभे राहिले. एक, मग दुसरा, मग तिसरा, थोडा बारीक.

"ही लाट कुठे चाललीय?" साहेबांनी विचारलं.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "कुठेच नाही. पाणी चाललंय. लाट बसलीय जागेवर."

साहेबांनी एक वाळकं पान सोडलं. पान पहिल्या उंचवट्यावर चढलं, उतरलं, दुसऱ्यावर चढलं, उतरलं आणि निघून गेलं.

"हे पान म्हणजे तुमचा फुगा. वीट म्हणजे डोंगर. वारा डोंगरावर आदळतो आणि वर ढकलला जातो. वर गेलेली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा जड पडते. पृथ्वी तिला खाली ओढते. ती खाली येते ती जरा जास्तच येते. मग तिथे ती हलकी ठरते, म्हणून पुन्हा वर. झोपाळ्याला एकदा धक्का दिला की तो येतजात राहतो ना, तसं. याला गुरुत्वतरंग म्हणतात."

"म्हणजे हवेला ठेच लागली," सासूबाई म्हणाल्या, "आणि ती पुढे गेल्यावरही लंगडत राहिली."

"अगदी तसंच. फुगा लाटेच्या चढावर आला की भराभर जातो, उतारावर आला की रेंगाळतो. दमत नाही तो."

"आणि तो मसूर?" सुनेने विचारलं.

"तो लाटेचा माथा. वर चढताना हवा गार होते, ओलाव्याचा ढग बनतो. खाली उतरताना विरतो. एका टोकाला बनतोय, दुसऱ्या टोकाला विरतोय, म्हणून आपल्याला जागेवर दिसतो. वारा त्याच्यातून सरळ निघून जातोय."

सासूबाई पन्हाळीकडे बघत राहिल्या. "जुन्या जागी असं नव्हतं."

"तिथे मैदान होतं. ठेच लागायला काही नव्हतं." साहेबांनी नळ बंद केला. "आणि खरी गंमत पुढे आहे, मावशी. या लाटा वरही जातात. जसजशी हवा पातळ तसतशी लाट मोठी. शेवटी किनाऱ्यावर फुटते तशी वर फुटते आणि तिथला वारा मंदावतो. इथे खाली एक डोंगर, आणि त्याचा चिमटा बसतो तिकडे वर. ते बघायचंय आम्हाला. पण तुमचे फुगे तिथे पोचायच्या आधीच फुटतात."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मी खाऊ घालून घालून मारले म्हणा की."

"आज मापावर थांबाल?"

"आणि खुर्ची?"

"आधी आजचा फुगा," साहेब म्हणाले.

संध्याकाळी सून शेडच्या दाराशी उभी राहिली. आत सासूबाई, टेबलावर पसरलेलं पांढरं रबर, मानेला लावलेलं वजन. त्यांनी चावी फिरवली. गॅसची सरसर सुरू झाली, रबर हलकेच उठून बसलं, मग गोल झालं. बाहेर वारा डोंगर उतरून येत होता. वजन टेबलावरून उचललं गेलं आणि तरंगत राहिलं. माप झालं. सासूबाईंची बोटं चावीवरच होती. त्यांनी एकदा दाराबाहेर मसुराकडे पाहिलं, एकदा फुग्याकडे. फुगा त्यांना आज भारीच रोड दिसत असावा. सुनेने काही म्हणायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"पुरे," सासूबाई म्हणाल्या आणि चावी बंद केली.

लग्न होऊन या घरात आल्यापासून हा शब्द सुनेने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

त्या धावल्या, हात सोडले, आणि तिघंही आत येऊन पडद्यासमोर उभी राहिली. रेघ चढायला लागली. चांगली चढत होती, मग वाकली.

"दमला," सासूबाईंनी सुनेचं मनगट पकडलं.

"उतारावर आहे," साहेब म्हणाले.

"थांबलाच की हो!"

"आई, नख लागतंय."

रेघ उठली. पुन्हा वाकली, पुन्हा उठली. डोंगराच्या उंचीच्या कितीतरी वर गेल्यावरही तिच्यात ती लय होतीच, उलट वळणं आणखी मोठी झाली. रोज फुगे फुटायचे ती उंची मागे पडली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, पण बसले नाहीत. सासूबाईंनी मनगट सोडलं नव्हतं. फार वर एके ठिकाणी, बाजूच्या आकड्यांत, वारा खरोखरच मंदावलेला दिसला. साहेब नुसतेच "बघा" म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर तिथे बोट टेकवलं. त्याच्याही वर, बऱ्याच वेळाने, फुगा फुटला. मुख्य कार्यालयाला हव्या असलेल्या उंचीच्या पलीकडे.

"फुटला," सासूबाई म्हणाल्या. आज पहिल्यांदाच तो शब्द त्यांनी समाधानाने उच्चारला. मग हळूच, "म्हणजे माझा हात..."

"हात उत्तम आहे, मावशी. माया तेवढी शेडबाहेर ठेवत जा." साहेबांनी डबा उघडला. दोन माणसांचं जेवण होतं. त्यांनी मुकाट्याने खायला सुरुवात केली. पंख्याखालच्या खुर्चीवर त्यांनी आपली बॅग ठेवली. ती पुढेही तिथेच असायची.

घरी परतताना मागे बसलेल्या सासूबाई डोंगराचा वळसा संपेपर्यंत मान वळवून आभाळाकडे बघत होत्या. मग सुनेच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तरी आज जरा रोडच दिसत होता, नाही?"

त्या रात्री सून "पुरे" म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक डाव भात पडला. नवऱ्याने हुश्श केलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बारीक साहेब बदलून गेले, जाताना थोडे जाड झाले होते. संध्याकाळचा फुगा सोडायला कार्यालयाने एक नवी मुलगी घेतली आहे आणि मापावर थांबायला तिला सासूबाईंनीच शिकवलं. पहाटेचा फुगा अजून त्याच सोडतात. चपला मात्र आता त्या आधीच शेडच्या दारात काढून ठेवतात.